दोर कोण धरणार आहे?

पत्र

माझा नवरा पाणबुड्या आहे. सहा वर्षं बंदरातली कामं करतोय. जहाजांचे तळ खरवडणं, पंख्यात अडकलेले दोर सोडवणं, धक्क्याच्या खांबांची पाहणी. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. कामाबद्दल तो घरी बोलत नाही, विचारलं की "रोजचंच" म्हणतो. गेले दोन महिने त्याचा उजवा खांदा दुखतोय. रात्री कूस बदलताना विव्हळतो आणि सकाळी म्हणतो, उशी नीट नव्हती. कामावरच्या कुणाला कळता कामा नये, असं मला बजावून ठेवलंय.

आता त्याला बुडालेल्या एका मालवाहू जहाजावरचं काम मिळतंय. जहाज २८ मीटरवर आडवं पडलंय, ते कापून तुकड्या-तुकड्यांनी वर काढायचंय. माणसं तीन. पाठीवर बाटल्या लावून उतरायचं. पैसे टनावर, जितकं लोखंड वर येईल तितके. सगळं जमलं तर वर्षाची कमाई चार महिन्यांत होईल म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, बायकोने पाय ओढले की पुरुष भित्रा होतो आणि पाण्यात भित्राच मरतो. मी त्याला अडवू का? अडवलं तर त्याच्या मनातून उतरेन. नाही अडवलं तर चार महिने माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही.

— नाव छापू नका

उत्तर

ताई,

कामाचा निर्णय आठवडाभर थांबला तरी चालेल. खांद्याला थांबवून ठेवू नका. म्हणून आधी खांद्याचं बोलतो.

(तुमच्या नवऱ्याला मी 'तो' म्हणणार आहे. अकरा वर्षं मी पाण्याखाली काढली आणि त्यानंतर चौदा वर्षं वर, सुपरवायझरच्या खुर्चीत. हाताखालच्या पोरांना कधी अहो-जाहो केलं नाही, आता या वयात जमायचं नाही. राग मानू नका.)

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आलं, किंवा खाली जास्त वेळ काढला, तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचा दाखला सगळेच देतात, कारण त्याहून चांगला अजून कुणाला सुचलेला नाही. हे बुडबुडे सांध्यांपाशी बसले की जे दुखतं त्याला आमच्यात 'बेंड्स' म्हणतात. खांदा, कोपर आणि गुडघा ही त्यांची आवडती ठिकाणं. दुखणं बहुतेक वेळा वर आल्यावर काही तासांतच सुरू होतं, आणि उपाय एकच: लोखंडी चेंबरमध्ये घालून माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचं आणि शुद्ध प्राणवायू द्यायचा. नेहमीचा पहिला उपचार १८ मीटरच्या दाबावर सुरू होतो आणि पावणेपाच तासांच्या आसपास चालतो. जितका लवकर तितका बरा.

त्याचं दुखणं मात्र दोन महिन्यांचं आहे. मी डॉक्टर नाही, पण असे खांदे बरेच पाहिलेत. जड होस (हवेची नळी) ओढून स्नायूची दोरी दुखावली असेल, तर ते सगळ्यात स्वस्तात सुटणं. दुसरी शक्यता, मधल्या काळात एक-दोनदा हलके बेंड्स झाले आणि त्याने वेदनाशामक गोळीवर निभावून नेले. तिसरी मला जास्त छळते. वर्षानुवर्षं दाबाखाली काम करणाऱ्यांच्या लांब हाडांच्या टोकांचा रक्तपुरवठा कधीकधी तुटतो आणि तेवढं हाड मरतं. दंडाच्या हाडाचं खांद्यातलं टोक आणि मांडीच्या हाडाचं खुब्यातलं टोक, या त्याच्या जागा. साध्या एक्स-रेत हे उशिरा दिसतं, एमआरआयमध्ये लवकर. लवकर कळलं तर सांधा वाचवायला वाव असतो. हाडाचा गोळा खचला, तर सांधा बदलायची वेळ येते आणि बहुतेकांचा धंदा तिथेच संपतो.

यातलं नेमकं काय, ते पाणबुड्यांचं वैद्यक शिकलेला डॉक्टरच सांगेल. असा डॉक्टर हाताशी नसला तर नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरकडे जा, पण आत शिरल्या शिरल्या सांगा की हा दाबाखाली काम करतो. ते सांगितलं नाहीत, तर मलम आणि शेक घेऊन परत याल.

तो का लपवतोय? फिटनेसच्या सर्टिफिकेटपायी. दर वर्षी तपासणी असते, एक शेरा पडला की पाण्यात उतरणं बंद. मीही लपवलंय. माझा डावा कान अर्धा गेलाय हे माझ्या सुपरवायझरला दीड वर्ष माहीत नव्हतं. शहाणपणा नव्हता तो. पण त्याला चोर समजून त्याच्याशी बोलू नका.

आणि एवढं पाठ करून ठेवा: कामावरून आल्यावर कधी हातपाय बधिर झाले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, धाप लागली, अंगावर जाळीसारखे लाल-निळे चट्टे उठले किंवा लघवी अडली, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. त्याच क्षणी प्राणवायू आणि चेंबर. विमानाने तर न्यायचंच नाही, तिथे हवेचा दाब आणखी कमी असतो. जवळचा चालू चेंबर कुठे आहे आणि रात्री तिथे फोन कोण उचलतो, हे आजच त्याच्याकडून लिहून घ्या. त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या कंत्राटदाराविषयी मला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

आता काम. तुम्ही लिहिलंय तसंच ते असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: यावर त्याने जाऊ नये. बुडीत जहाजांच्या धंद्यातच जाऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मी त्याच धंद्यात म्हातारा झालोय.

मला खोलीची फारशी भीती वाटली नाही. २८ मीटर म्हणजे खोल नव्हे. पत्र वाचताना मी थबकलो तो 'माणसं तीन', 'बाटल्या' आणि 'टनावर' या शब्दांपाशी.

बाटल्यांचा हिशोब पाटीवर मांडावा इतका सोपा आहे. १२ लिटरच्या बाटलीत २०० बारने भरलेली हवा म्हणजे २,४०० लिटर. पाण्याखाली लोखंडाशी झटापट करणारा माणूस मिनिटाला सहज ४० लिटर ओढतो. २८ मीटरवर दाब ३.८ पट, म्हणजे तीच हवा मिनिटाला १५२ लिटरने संपते. पूर्ण बाटलीत सोळा मिनिटंही निघत नाहीत, आणि यात उतरणं, चढणं, राखीव असं सगळं आलं. एवढ्यात काय कापणार? मग 'अजून दोनच मिनिटं' सुरू होतं. आपल्या धंद्यातल्या कितीतरी मयतांच्या मागे ही दोन मिनिटं उभी असतात.

म्हणून असलं काम वरून येणाऱ्या हवेवर करतात. डोक्याला बंद हेल्मेट, त्याला जोडलेला जाड दोर. आम्ही त्याला अंबिलिकल म्हणतो, म्हणजे नाळ, आणि नाव अगदी बरोबर आहे. त्यात हवा येते, बोलण्याची तार येते, खोली मोजणारी नळी येते, थंड पाण्यात सूटमध्ये सोडायचं गरम पाणीही येतं. पाठीवर एक बाटली असतेच, पण ती वरची हवा तुटली तर परत येण्यापुरती. आंतरराष्ट्रीय सागरी कंत्राटदारांची 'इम्का' ही संघटना आहे. तिच्या नियमावलीत अशा कामाला कमीत कमी पाच माणसं सांगितली आहेत: सुपरवायझर, काम करणारा पाणबुड्या, कपडे चढवून बसलेला राखीव पाणबुड्या, आणि दोघांचे दोर धरणारे दोन टेंडर. पाठीवरच्या बाटल्यांवर काम करायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

तुमचा नवरा म्हणेल, "दोर पत्र्यात अडकतो, बाटली बरी, मोकळं फिरता येतं." हे मी हजार वेळा ऐकलंय. अडकलेल्या दोरातून हवा येत राहते. वरचा माणूस बोलत राहतो. आणि अंधारात परतीची वाट दाखवायला तोच दोर असतो. बाटलीवाला अडकला, तर त्याच्याजवळ फक्त घड्याळ.

आणि तिघांतला एक खाली, एक होडीवर, एक विंचवर, म्हणजे ओझं ओढणाऱ्या यंत्रावर. मग राखीव कोण? खाली काही झालं तर विंचवरचा माणूस विंच सोडून, कपडे चढवून, बाटली लावून येणार. तोवर काय होईल ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

बुडालेलं जहाज आतून कसं असतं, ते तो सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दिसत काही नाही. गाळ हलला की हातातला दिवासुद्धा दिसत नाही, बोटं हेच डोळे. जहाज आडवं असतं, म्हणजे जमीन भिंत झालेली, दरवाजे खाली खड्डे झालेले, वरून तारा लोंबताहेत. माल सरकलेला. पत्रे ताणाखाली वाकलेले: एक पत्रा कापला की शेजारचा धनुष्यासारखा सुटतो. त्यातून रोज टनावारी लोखंड काढायचं, म्हणजे कालचं जहाज आणि आजचं जहाज एक नव्हे. ते सरकतं, बसतं, कुरकुरतं. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, त्यामुळे ती कुरकुर सगळीकडून येते. माझ्या पहिल्या आठवड्यात मी त्या आवाजाने दोनदा वर आलो होतो. सुपरवायझर काही बोलला नाही, चहा दिला. पुढे कळलं, तो चांगला सुपरवायझर होता.

त्यात बंद टाक्या. टाकीत हवा कोंडलेली असते आणि बाहेर समुद्राचा दाब. तिथे भोक पाडलं किंवा झाकण सरकलं, की पाणी आत धावतं आणि जवळ जे असेल ते ओढून नेतं. दोन बाजूंच्या दाबातल्या या फरकाला आम्ही 'डेल्टा-पी' म्हणतो. एक वीतभर रुंद फटही माणसाला पकडायला पुरते. हिशोब बघा: ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचं भोक, खोली २८ मीटर, आत वरच्यासारखाच दाब, तर त्या भोकावर सुमारे अडीच टनांचा जोर. हात अडकला तर दहा माणसांनी ओढूनही निघत नाही. आणि हे आधी कळत नाही. प्रवाह असला तर अंगाला जाणवतो, ही ओढ मात्र जवळ जाईपर्यंत गप्प असते.

कापण्याची गोष्ट वेगळीच. पोकळ कांडीतून प्राणवायू सोडायचा आणि विजेच्या ठिणगीने ती पेटवायची. टोकाला पाच हजार अंश सेल्सिअसच्या वर ताप जातो, लोखंड लोण्यासारखं कापलं जातं. पण न जळलेला प्राणवायू आणि विजेने पाण्यातून फुटलेला हायड्रोजन वर जाऊन पत्र्याखाली साठतो, आणि पुढची ठिणगी त्याची वाट बघत असते. म्हणून आधी वरच्या अंगाला भोकं पाडून वायूला वाट करून द्यायची असते. वीज वरून चालू-बंद करायची, तीही पाणबुड्याने मागितली तरच: "मेक इट हॉट", "मेक इट कोल्ड". मध्ये एक क्षणही तार जिवंत ठेवायची नाही. २०१४ साली दक्षिण कोरियात सेवोल नावाची फेरी बुडाली, त्यात ३०४ माणसं गेली. आतल्या मृतदेहांचा शोध घेताना दोन खाजगी पाणबुडेही दगावले, त्यातला एक ३० मे रोजी पाण्याखाली पत्रा कापताना.

माझा कान असाच गेला. भोकं पाडायला सांगितलं होतं, मी दोन पाडली, तिसरं टाळलं. वर क्रेनचा बार्ज (सपाट तळाची मोठी होडी) भाड्याने उभा होता आणि हेडफोनवर कुणीही घाई कर म्हणत नव्हतं, पण दर पाच मिनिटांनी एक जण नुसतं विचारत होता, "कितपत आलं?" त्या प्रश्नात सगळं येतं. मग एक दणका, हेल्मेटमध्ये शिट्टी, आणि नाकातून रक्त. चूक माझी. पण तो "कितपत आलं" विचारणारा माणूस मी विसरलेलो नाही, आणि पुढे सुपरवायझर झाल्यावर तो प्रश्न मी कधी विचारला नाही.

टनावर पैसे म्हणजे हाच प्रश्न चोवीस तास कानात. बुडीत मालाच्या धंद्यात ही खोड जुनी आहे. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराचा कराराचा नमुना १९०८ पासून चालत आला आहे, त्याच्या माथ्यावरच 'नो क्युअर, नो पे' लिहिलेलं असतं: जहाज किंवा माल वाचला तर पैसे, नाहीतर शून्य. कंपनीने तो जुगार खेळावा, तिच्याकडे विमा असतो, वकील असतात. तोच जुगार उतरत उतरत पाणबुड्याच्या रोजच्या मजुरीपर्यंत आला, की तो स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. चांगल्या कामावर पाणबुड्याला दिवसाचे पैसे मिळतात, आणि हवा बिघडली म्हणून बसून राहिला त्या दिवसाचेही मिळतात.

घाई नसली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण माझ्या मनात कायम असतं. लॉरेंटिक नावाचं ब्रिटिश जहाज जानेवारी १९१७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर सुरुंगाने बुडालं. आत ३,२११ सोन्याच्या विटा. पाणी ४० मीटरच्या आसपास, वादळी, आणि जहाज दर हिवाळ्यात आणखी चेपत जायचं. काम गाय डॅमंट या नौदल अधिकाऱ्याकडे होतं. हा तोच माणूस, ज्याने काही वर्षं आधी हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या दाबाच्या प्रयोगांत स्वतः पाण्यात उतरून भाग घेतला होता. सावकाश टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले तक्ते त्याच प्रयोगांतून १९०८ साली निघाले. डॅमंटने १९२४ पर्यंत वेळ घेतला, पाच हजारांहून जास्त बुड्या झाल्या, ३,१८६ विटा वर आल्या. एकही पाणबुड्या मेला नाही.

याच्या शेजारी आर्तिल्यो ठेवून बघा. हे इटालियन जहाज, आणि त्यावरचे पाणबुडे त्या काळी जगात अव्वल. लंडनहून मुंबईला निघालेलं आणि १९२२ साली धुक्यात टक्कर होऊन बुडालेलं 'इजिप्त' त्यांनी १९३० मध्ये शोधून काढलं, त्यात टनांनी सोनं होतं. हिवाळ्यात त्यावर काम करता येईना, तेव्हा मधल्या वेळात त्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं दारूगोळ्याचं एक बुडीत जहाज उडवायचं काम घेतलं. पहिले सुरुंग फार लांबून लावले. काही झालं नाही. बारा वर्षं पाण्यात राहिलेला दारूगोळा मेला असणार, असं वाटून ते दर खेपेला थोडं जवळ उभे राहू लागले. ७ डिसेंबर १९३० ला सगळा दारूगोळा एकदम उडाला. आर्तिल्यो बुडालं, त्यांचा प्रमुख पाणबुड्या आल्बेर्तो जियान्नी गेला, जहाजावरचे बरेच जण गेले. शंभर मीटरखालच्या सोन्याला हात घालणारी माणसं वर, डेकवर उभी असताना मेली. (सोनं त्यांच्याच कंपनीने १९३२ पासून काढलं.)

अलीकडचंही घ्या. २०१२ मध्ये इटलीत कोस्टा काँकॉर्दिया हे प्रवासी जहाज आडवं पडलं. ते उभं करून ओढून नेण्याचं काम फार मोठं, पैशाची किंवा साधनांची कसलीही टंचाई नव्हती. तरी १ फेब्रुवारी २०१४ ला एका स्पॅनिश पाणबुड्याचा पाय पाण्याखाली पत्र्याने कापला. साथीदाराने त्याला वर आणलं, पण तो वाचला नाही. कापलेला पत्रा, बस. हे मी एवढ्याचसाठी सांगतो की नियम पाळले म्हणजे काही होणारच नाही, असं खोटं आश्वासन मला तुम्हाला द्यायचं नाही.

पण वरची माणसं कोण आहेत, याने किती फरक पडतो बघा. सप्टेंबर २०१२ मध्ये नॉर्थ सीमध्ये नव्वद मीटरच्या आसपास ख्रिस लेमन्स नावाचा पाणबुड्या काम करत होता. वरचं जहाज जागेवर धरून ठेवणारी संगणक यंत्रणा बंद पडली, जहाज वाहत गेलं, त्याची नाळ ताणून तुटली. पाठीवरच्या बाटलीत काही मिनिटांची हवा. तो अर्ध्या तासाहून जास्त हवेशिवाय पडून होता. वरच्यांनी जहाज परत आणलं, यांत्रिक कॅमेऱ्याने त्याच्यावर नजर ठेवली, त्याचा साथीदार पुन्हा खाली गेला आणि त्याला ओढून बेलमध्ये, म्हणजे पाणबुड्यांना वर-खाली नेणाऱ्या बंद डब्यात, घेऊन आला. तो जगला, आणि काही आठवड्यांनी पुन्हा कामावर गेला. थंडीमुळे आणि आधी श्वासात घेतलेल्या प्राणवायूमुळे जगला असं म्हणतात, असेलही. पण कुणी परत गेलंच नसतं, तर त्या थंडीचा काय उपयोग होता?

आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिनिदादला पॉइंट-आ-पिएर इथे तेलाच्या ३० इंची पाइपलाइनवर पाच पाणबुडे काम करत होते. आतला अडसर काढला आणि डेल्टा-पीने पाचहीजणांना पाइपात ओढून घेतलं. एक जण काही तासांनी सरपटत बाहेर आला. बाकीचे आत जिवंत आहेत, त्यांना काढा, असं तो सांगत होता. आत शिरायला तयार असलेले पाणबुडे काठावर होते. त्यांना जाऊ दिलं नाही. चौघे गेले. नंतर सरकारी चौकशी आयोग बसला. ते काम बुडीत जहाजाचं नव्हतं, पण हे प्रकरण आठवलं की माझी मूठ आजही वळते, म्हणून इथे आलंच.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पाण्याखाली घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, हवा संपवतो, डोकं चालत नाही. पण तो घाबरेपणा आणि वर उभं राहून "हे मी करणार नाही" म्हणणं यांचा काही संबंध नाही. मी माणसं घ्यायचो तेव्हा विचारायचो, आजवर किती वेळा उतरायला नकार दिलास? एकदाही नाही, असं छाती फुगवून सांगणारे मी फारसे घेतले नाहीत. ते शूर होते, यात शंका नाही. त्यांच्या बायकांना निरोप द्यायला मला जायचं नव्हतं, इतकंच.

म्हणून त्याला अडवू नका, त्याला विचारा. "जाऊ नकोस" म्हटलंत, तर तो मर्दानगीचा खटला होईल आणि त्यात तुम्ही हराल. त्याऐवजी एखाद्या शांत संध्याकाळी, टीव्ही बंद करून, कामातलंच विचारा. तू खाली असताना दोर कोण धरणार? त्याला तू ओळखतोस का? तुझ्याऐवजी खाली यायला कपडे घालून कोण बसलेला असेल? चेंबर कुठे आहे, बार्जवर की चार तासांवर? जहाजातल्या टाक्यांचा नकाशा कुणी पाहिलाय? कापताना वीज कोण बंद करणार? आणि तू म्हणालास "आज नाही", तर त्या दिवसाचे पैसे मिळणार का? विम्याच्या कागदावर तुझं नाव आहे की 'मजूर' असं लिहिलंय? एका दमात सगळं विचारू नका, पोलीस चौकशी वाटेल. दोन विचारा, गप्प बसा. उरलेले तो स्वतःच विचारेल. धंद्यातला माणूस आहे, उत्तरं देताना त्याला त्याचीच ऐकू येतील.

तो विचारेल, "तुला हे सगळं कुणी शिकवलं?" तर माझं नाव सांगा, सदर दाखवा, मला शिव्या घालू द्या. मला सवय आहे.

कदाचित तो परत त्या माणसाकडे जाईल आणि म्हणेल, पाच माणसं घे, हेल्मेट आण, दिवसावर पैसे दे. तो माणूस हसेल. मग तुमच्या नवऱ्याला ठरवायचं ते तो ठरवेल. किंवा तो माणूस ऐकेल. असेही असतात, थोडे. तसं झालं तर तुमची झोप मोडेलच, पण ती प्रत्येक पाणबुड्याच्या घरची झोप असेल. माझी बायको फोन वाजला की आधी घड्याळ बघायची. दुपारी चारच्या आत फोन आला तर बरा, कारण तेव्हा मी वर असायचो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून बघते.

तो घरी बोलत नाही, त्याचंही फार मनाला लावून घेऊ नका. तिथल्या अंधाराला घरात शब्द सापडत नाहीत, एवढंच. पण आकडे सापडतात. आज किती मीटर, किती मिनिटं, वर येताना कुठे थांबलास, एवढं विचारायला सुरुवात करा. त्याला आवडेल, आणि त्याचं शरीर काय सोसतंय ते तुम्हालाही कळत जाईल. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यात ३० मीटरच्या रकान्यात न थांबता वर येण्याची मुदत २५ मिनिटांची आहे. २८ मीटरचं काम त्याच रकान्यात मोडतं. तो चाळीस मिनिटं म्हणाला आणि थांबल्याचं काहीच बोलला नाही, तर पुढचा प्रश्न तुम्हाला आपोआप सुचेल.

येत्या आठवड्यात खांदा दाखवा. जाताना त्याची सगळी लॉगबुकं बरोबर घ्या, जुनीसुद्धा, कोपरे फाटलेली. डॉक्टरने मागितली नाहीत तरी टेबलावर ठेवा.